जिवाची भीती

"तुम्हाला तुमच्या नवऱ्याची भीती वाटायची का?" पोलिसांच्या वकिलानं चौकशीत विचारलं.

शालनला नवरा आठवला. निवृत्तीचं डोकं बिघडलं की तो कोयता घेऊन अंगणात उभा राहायचा. त्या सकाळी त्याला इस्पितळात न्यायला तिनंच पोलिसांना बोलावलं होतं. "कोयता टाक," म्हणत फौजदारानं पिस्तूल रोखलं, निवृत्ती दोन पावलं पुढं आला आणि गोळी त्याच्या छातीत घुसली.

"वाटायची," ती म्हणाली.

वकील चौकशी करणाऱ्या प्रांतसाहेबांकडे वळला. "साहेब, जीव जाईल अशी रास्त भीती असेल, तर स्वतःला वाचवायला झाडलेली गोळी गुन्हा ठरत नाही. इथं तर खुद्द बायकोलाच भीती वाटत होती."

"साहेब, माझं बोलणं संपलं नाही," शालन म्हणाली. "भीती वाटली की मी लांब उभी राहून त्यांच्याशी बोलत राहायचे. म्हैस, ऊस, पोरीची शाळा, काहीही. थोड्या वेळानं ते आपणच कोयता खाली ठेवायचे. त्या दिवशी मला बोलू द्या म्हटलं, तर या फौजदारांनी दंड धरून मला मागं लोटलं."

प्रांतसाहेबांनी मान हलवली. फौजदारानं तिच्याकडे पाहिलं नाही.

पावसाळा सरता सरता अहवाल आला. गोळीबार रास्त ठरला होता. धाकटा दीर वाचून दाखवू लागला. "मयताच्या पत्नीलाही त्याची भीती वाटत असे." तो थांबला.

"पुढचं वाच," शालन म्हणाली.

दिरानं कागद उलटून पाहिला. "पुढं सही आहे, वहिनी."