किरकोळ आहे

"अरे, घट्ट बांध की. म्हातारा झालास का तू?" कप्तान नेहमीसारखा कुरकुरला. ड्रेसिंग रूमच्या जुन्याच बाकावर बसून त्याने उजवा पाय मालिशवाल्यापुढे धरला होता. फुटबॉल सुटून नऊ वर्षं झाली होती. आज क्लबने सत्कार ठेवला होता आणि लोकांच्या हट्टाखातर त्याला मैदानात एकदा चेंडू मारायचा होता. 'जोराचा एक झटका बसला तरी पाय कायमचा जाईल,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण बाहेर अख्खं मैदान त्याच्या नावाने घुमत होतं, म्हणून त्याला अडवायला कोणी धजत नव्हतं; सेक्रेटरी भिंतीकडे बघत होता आणि कप्तानाची बायको पर्सची चेन नुसतीच उघडझाप करत होती.

अठरा वर्षांत कप्तानाने एकही सामना चुकवला नव्हता. दर सामन्याआधी मालिशवाला तो सुजलेला गुडघा दाबून बघायचा. बोटांना कळायचं ते तोंडावर कधी यायचं नाही. पट्टी बांधून, पाठीवर थाप मारून तो म्हणायचा, "किरकोळ आहे. पळ."

आजही त्याने गुडघा दाबून पाहिला. मग अर्धी बांधलेली पट्टी सोडून तो ती गुंडाळत बसला.

"नको जाऊस, कप्तान. किरकोळ कधीच नव्हतं."



कप्तानाने पाय हळूच खाली घेतला. "अरे, हेच ऐकायला तर दर वेळी तुझ्यापुढे पाय धरत होतो."