बिनतारी फोनची नाडी

हँडसेट कानाला लावून अप्पा दुकानातून निघाले ते थेट चौकातल्या रसवंतीपर्यंत चालत गेले. दुकानातल्या दुसऱ्या फोनवरून त्यांची सून वत्सला "हो, येतंय ऐकू," म्हणत राहिली. तीन दुकानं पालथी घालून अप्पांनी सगळ्यात लांब रेंजचा, सगळ्यात महागडा कॉर्डलेस निवडला. पोरीला स्थळ बघतानाही त्यांनी एवढी पारख केली नव्हती.

फोन हवा होता वत्सलाला. ती मागच्या पडवीत मसाल्याच्या मिरच्या भाजायची, आणि पुढच्या खोलीतला जुना फोन उचलायला धावेपर्यंत गिऱ्हाईक दुसरीकडे वळलेलं असायचं.

घरी येताच अप्पांनी हँडसेटला पायजम्याची नाडी बांधली आणि तिचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला आवळलं.

"अहो अप्पा, मग मी हा मागं नेऊ कसा?"

"न्यायचा कशाला? महागाची वस्तू आहे, पडली म्हणजे? इथं येऊन बोलायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी रिंग वाजली. वत्सला पडवीतून धावत आली, तोवर बंद झाली. "लग्नघरची मोठी ऑर्डर असेल," पेपरातून डोकं न काढता अप्पा म्हणाले. "सूनबाई, जरा चपळाई दाखवा."

शेगडी, कढई आणि मिरच्यांचं पोतं तिनं पुढच्या खोलीत आणलं, फोनशेजारी पाट टाकला आणि मिरच्या भाजायला घेतल्या.

पेपर कधीच गळून पडला होता. ठसक्यानं लालबुंद झालेल्या अप्पांच्या तोंडून जेमतेम एवढंच निघालं, "कात्री... कात्री कुठंय?"