दोन पिंपळखुटे

“पण हा गणबा दिग्रसवाल्यायचाच, हे कायच्यावरून?” ममतानं विचारलं.

पांढरकवड्याच्या तहसील कार्यालयातल्या रेकॉर्ड रूममध्ये त्या दोघी सकाळपासून बसल्या होत्या. टेबलावर कोतवाल बुक उघडं होतं. गावातले जन्म-मृत्यू पूर्वी कोतवाल ज्यात नोंदवायचा, ते रजिस्टर. पान उलटताना कडा हातात येत होत्या. रुपालीनं पेन्सिलीचं मागचं टोक एका ओळीखाली धरलं. ‘गणबा वल्द शिवा, मौजे पिंपळखुटा.’ पुढे आडनाव नव्हतं. तेव्हा ते कोणालाच नव्हतं.

“बापाचं नाव जुळतं,” रुपाली म्हणाली.

“शिवा तं घरोघरी होते. पक्कं पाहिजे, मॅडम. उद्या कोनी बोट नाही ठेवलं पाहिजे.”

रुपालीला हसू आलं. यवतमाळच्या कॉलेजात ती वीस वर्षं इतिहास शिकवत होती. गावांवरून पडलेली आडनावं हा तिच्या पीएच.डी.चा विषय. पण असं खोदून विचारणारा विद्यार्थी तिला क्वचितच भेटला होता.

प्रश्न तसा साधा होता. ममता पिंपळखुटे बाभुळगावची. तिला सांगून आलेला राजदीप पिंपळखुटे दिग्रसचा, बँकेत नोकरीला. आडनाव एकच आहे हे दोन्ही घरांच्या ध्यानात आलं होतं, पण आजवर ओळख ना पाळख, तालुकेही वेगळे, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं. पाहण्याचा कार्यक्रम झाला, पसंती झाली. साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख तेवढी काढायची राहिली होती. आणि मुलगी पाहून घरी गेल्यावर राजदीपची आजी कांताबाई अडून बसली.

आपलं मूळ गाव पिंपळखुटा, त्यांचंही पिंपळखुटा. म्हणजे भावकीच झाली. बहीण-भावाचं लगन मी जित्ती असेपर्यंत होऊ देणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

ममताचे वडील मारोतराव खचले. तेव्हा ममताच म्हणाली, आपण कागद पाहू. रुपालीचा पेपरातला लेखही तिनंच शोधून काढला. बापलेक यवतमाळला आले, तेव्हा मारोतराव दारातच हात जोडून उभे राहिले.

“जयभीम, मॅडम. एकुलती एक पोर आहे माही. तिची माय गेल्यापासून मीच वाढवली. असा पोरगा आमाले पुन्हा नाही भेटत. तुमी पाहा फक्त. जे निंघन ते कबूल.”

कांताबाईनंही फोनवर तेच कबूल केलं होतं. कागद दाखवा, मग माझं काही म्हणणं नाही.

तेव्हापासून ममतानं एकही खेप चुकवली नव्हती. बाभुळगावला त्यांना तिचा पणजोबा उकंडा सापडला. त्याच्या मागच्या दोन पिढ्याही त्याच तालुक्यातल्या पिंपळखुट्यात जन्मल्या आणि मेल्या होत्या. मग दिग्रसच्या शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. राजदीपच्या आजोबांचं नाव १९४२ साली घातलेलं. जन्मगावाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘पिंपळखुटा, तालुका केळापूर.’

म्हणजे पिंपळखुटे दोन होते. रुपाली त्या दिवशी खुर्चीतून उठलीच. त्या आजोबांचा बाप गणबा कापसाच्या जिनिंगच्या कामासाठी दिग्रसला आला असणार, त्यानं पोराला शाळेत घातलं असणार. मास्तरांनी गाव विचारलं आणि गावाचंच आडनाव लिहिलं. तिकडे बाभुळगावलाही असंच झालं.

“मास्तरनं तालुका चुकीचा तं नाही लिवला?” ममतानं तेव्हा विचारलं होतं.

केळापूर तालुक्याचं कार्यालय पांढरकवड्याला, म्हणून ही खेप.

बसमध्ये रुपालीनं तिला विचारलं होतं, राजदीप कसा आहे. “चांगला आहे,” ममता म्हणाली होती. “नाव ठेवावं असं काहीच नाही.”

आता रुपालीनं आणखी पानं उलटली. चार वर्षांनंतरच्या नोंदींत तिला हवं ते मिळालं. ‘शिवाला मुलगी, तानी.’ आपल्या सासऱ्याचा, गणबाचा, बाप शिवा आणि पाठची बहीण तानाबाई, हे कांताबाईनंच सांगितलं होतं. मागच्या पुस्तकात शिवाच्या बापाचा मृत्यूही सापडला. गाव तेच, तालुका केळापूर. दोन पिंपळखुट्यांच्या मधे अख्खा कळंब तालुका होता, आणि आडनाव पडण्याच्या तीन पिढ्या आधीपासून ही दोन घराणी आपापल्या जागी होती.

“आता?” रुपालीनं विचारलं.

ममतानं त्या दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. पुन्हा वाचल्या. “आता काही राह्यलं नाही,” ती म्हणाली.

नकलांचा अर्ज देऊन रुपालीनं तिथूनच मारोतरावांना फोन लावला. ऐकता ऐकता ते रडायला लागले. त्या दोघी बसस्टँडवर पोचेपर्यंत दिग्रसला निरोप गेला होता. कांताबाईनं शब्द पाळला. येत्या रविवारीच साक्षगंध ठरलं.

वडिलांचा फोन ममतानं बाकावर बसून घेतला. “हो बाबा,” ती म्हणत होती. “हो. आयकलं मी. तुमी जेवले का?” फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे भरून वाहत होते.

रुपालीची वीस वर्षांची विद्या आजवर कोणाच्या घरात अशी कामाला आली नव्हती. तिनं ममताच्या पाठीवर हात ठेवला.

“आता कशाला रडतेस? झालं ना सगळं मनासारखं?”

ममतानं ओढणीनं तोंड पुसलं.

“पाहाले आल्या तवा आजीच्या डोक्यात ते भावकीचं मीच भरवलं होतं, मॅडम,” ती म्हणाली. “बाबाले नाही म्हनाची हिंमत नव्हती. मले वाटलं, तुमच्या कागदात कोठी तरी आमी बहीण-भाऊ निंघू.”