पहिलं ताट

सुनेने रिकामं पाकीट केराच्या तळाशी दडपलं आणि वर कांद्याची टरफलं पसरली.

बाहेरच्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला, "मटण शिजतंय की मुहूर्त बघतेस?"

"होतंय, आई."

मटण कसलं, पाकिटातलं वाटाण्याचं पीठ ते. बिटाच्या रसाने लाल केलेलं, तीन प्लास्टिकं गुंडाळून विमानातून मिरवत आलेलं. नवऱ्याला त्याचं भारी कौतुक. जनावरं पोसून पृथ्वी तापते, गाईंच्या ढेकरांनी हवा बिघडते, असं तो ऐन जेवताना सांगायचा. "आधी स्वतःच्या ढेकरा मोज," म्हणून सासूबाईंनी लेकाला गप्प केलं होतं.

सुनेला पृथ्वीचं नंतर, आधी सासूचं पडलं होतं. मोठ्या तापातून सासूबाई उठल्या त्या दुबळं हृदय घेऊनच. डॉक्टरांनी मटण बंद केलं. "मग जेवणही बंद करा," म्हणत त्यांनी ताट सरकवलं ते सरकवलंच. कडूजहर औषध पाण्यासारखं प्यायच्या, पण अन्नावर मन नाही. बोटातली अंगठी आता दोरा गुंडाळून टिकत होती. म्हणून आज हे खोटं मटण.

आणि फसवायचं कुणाला, तर जन्मभर कारखान्याच्या खानावळीत रांधत आलेल्या बाईला. घरात कायदा त्यांचाच. पहिलं ताट त्यांचं. मिठाचा निकाल लागेपर्यंत बाकीच्यांनी घासाला शिवायचं नाही. रांधणारीने तर चाखायचंच नाही. चाखून रांधते ती कच्ची.

सुनेने ताट पुढे ठेवलं. सासूबाईंनी घास घेतला, चावला, तिच्याकडे रोखून पाहिलं.

"बोकड म्हातारं होतं. खाटकाने तुला बरोबर ओळखलं."

"बदलून आणू?"

"राहू दे. माझ्याएवढं तरी नसेल."

ताट निपटून झालं. वर रस्सा मागून झाला. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "मीठ नेमकं. माझ्या हातचं वाटावं असं."

लग्न होऊन आली तेव्हापासून सून याच वाक्याच्या वाटेकडे डोळे लावून होती. तिला पदर डोळ्यांना लावावा लागला. सासूबाई आत जाऊन आडव्या झाल्या.

नवरा पाटावर बसला. "बघ, तिच्या जिभेलाही कळलं नाही," म्हणत त्याने घास तोंडात टाकला, आणि धडपडत पाण्याचा पेला गाठला.

"अगं, मिठागर आहे नुसतं."

तिने बोट बुडवून चाखलं. जीभ पोळली. पाकिटातलं आधीच खारवलेलं होतं, आणि तिने सवयीने आपली मूठ वर टाकली होती.

"पण आईने तर मागून घे..." नवरा आतल्या खोलीकडे वळला. तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला. तिला पाण्यासारखं प्यायलेलं ते कडू औषध आठवलं.

आतून आवाज आला, जरा घाईचा. "सूनबाई, चाखून बघतेस ना? बघू नकोस. सांगितलं ना मी, नेमकं आहे."