एका बोटाची तिहाई

"बाई, पुन्हा तिहाई वाजवलीत!" कामतांनी कपाळावर हात मारला. "मोर्समध्ये शेवट तीनदा वाजवायचा नसतो. अशाने परीक्षेत दांडी उडेल तुमची."

कामत आमचे शेजारी, जन्मभर जहाजांवर वायरलेस सांभाळलेले. मी तबला शिकवणारी. अर्धांगाच्या झटक्यानंतर माझ्या उजव्या हाताचं एकच बोट धड चालत होतं, म्हणून तबला-डग्गा माळ्यावर गेला. लेक म्हणाली, आता आराम कर. आराम माझ्या पत्रिकेतच नाही! हौशी रेडिओवर मोर्स वाजवायला एक बोट पुरतं, असं कामत बोलून गेले आणि मी त्यांचा पिच्छाच पुरवला.

परवान्याच्या परीक्षेतल्या विजेच्या नियमांनी घाम फोडला. मोर्सचे आखूड-लांब ठोके मात्र तबल्याच्या बोलांसारखे कानात बसले. तिहाईची खोड तेवढी जाईना. परीक्षेत ती कशीबशी गिळली आणि पास झाले.

परवाना हातात पडला त्याच सकाळी कामतांच्या सेटवरून मी पहिली हाक घातली. बराच वेळ नुसती खरखर. मग शिलाँगहून कुणी अनोळखी माणूस ठोके देऊ लागला. मी एकेक शब्द कागदावर जुळवून कामतांना मोठ्यानं सांगत होते. शेवटचं वाक्य लिहून मी कागदच त्यांच्यापुढे सरकवला. ते कामतांनीच वाचलं.

"तुमचा हात फार सुरेख आहे."

मी आभार मानले, निरोप घेतला आणि शेवट ठणठणीत तीनदा वाजवला. कामतांनी बरोबर समेवर टेबलावर थाप मारली.