शेजारची सीट

काका गेल्यावर काकूंनी गाडी त्यांच्याच शिस्तीत जपली. बॅटरी काढून कपाटात, गाडीवर कापडी खोळ. टायर एकाच जागी दबू नयेत म्हणून दर रविवारी वीतभर ढकलायची. मग स्टिअरिंगपुढे बसून सीट पुढे ओढायची, आरसा डोळ्यांसमोर आणायचा.

पुढच्या रविवारी पाहावं तर दोन्ही पुन्हा काकांच्या उंचीला. गॅरेजची किल्ली एकच, काकूंच्या कमरेला.

"अहो, जन्मभर चालवू दिली नाहीत," गेल्या रविवारी काकू लटक्या रागाने म्हणाल्या. "आता लायसन्स मिळालंय मला. सरका की जरा!"

आज त्यांनी खोळ काढली. सीट पुढेच होती, आरसा जागेवर.

शेजारची सीट मात्र पार मागे सरकलेली होती. तिचा पट्टा लावलेला होता, आणि रिकाम्या सीटवर तो चांगल्या सुटलेल्या पोटावरून जावा तसा फुगून राहिला होता.