स्पेक

पॅरालिसिसच्या अटॅकनंतर हर्बर्टच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तरी चारकोपच्या त्या घरात संध्याकाळची प्रार्थना चुकली नाही. तेरेसा नवऱ्याच्या पलंगाशी बसून त्याच्या बापाच्या वेळचं इंग्रजी प्रार्थनापुस्तक मोठ्यानं वाचायची.

देव बोलला, तिथे पुस्तकात जुनं 'गॉड स्पेक' होतं. तेरेसानं आज पुन्हा साधं 'गॉड सेड' वाचलं आणि मुलगा नेव्हिल भडकला.

"मम्मी, लग्न झाल्यापासून ऐकतेयस ना? 'सेड' बाजारातली माणसं करतात, देव 'स्पेक' करतो, म्हणून डॅडी केवढा ओरडायचा! जेवण टाकून उठायचा. आणि तू रोज तीच चूक करतेस? त्याला ऐकू येतं सगळं. बघ, ओठ कसे थरथरतायत त्याचे!"

त्यानं पुस्तक हिसकावलं आणि तीच ओळ बिनचूक वाचली. 'गॉड स्पेक.'

हर्बर्टचे ओठ शांत झाले. त्यानं समाधानानं डोळे मिटले.

तेरेसानं पुस्तक परत ओढून घेतलं.

"मोठा शहाणा! सगळं बरोबर वाचलंस, तर तो तोंड उघडेल कशाला?"